आहेस्कूल

‘रतनची पोरगी आहेस्कूलला जाते.’

माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या पानावर हे वाक्य होतं. मी लिहिलं होतं हायस्कूल. पुढच्या पानांत हायवेचा आहेवे झाला होता, असहाय बाई असआहे झाली होती, आणि नवरा गेल्यावर रतनने आहे खाल्ली होती.

पाच प्रकाशकांनी परत पाठवलेलं हे पुस्तक मी स्वतःच छापतेय. माझं शिक्षण दहावी, बाकीचं लायब्ररीतून उचललेलं, म्हणून चुका काढायला कोथरूडचे अनिरुद्धसर नेमले. त्यांना फोन लावला.

“अहो, तुमची रतन ऊठसूट ‘हाय’ म्हणते,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरला सांगितलं, सगळे ‘हाय’ काढ आणि ‘आहे’ घाल. शब्दांच्या पोटातलेही गेले. होतं तसं.”

“पण मुळात काढलेत कशाला?”

“कल्याणीताई, पुस्तक आहे ते. भाजी मंडई नाही.”

“मार्केट यार्डातच घडतं ते. रतन तिथे कांदा निवडते. ती काय ‘कृपया पोतं सरकवा’ म्हणेल?”

“तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगतो. लोक म्हणतील, लेखिकेलाच लिहिता येत नाही.”

“म्हणू देत. आणि तुमचं नाव मी पुस्तकातून काढतेय.”

“आभारी आहे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी फाइल छापखान्यात द्यायची होती. रविवार असल्याने दवाखान्यात नंबर पुकारायची माझी ड्यूटी नव्हती. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी माझी हस्तलिखित वही उघडली आणि रतनचा एकेक ‘हाय’ परत बसवायला लागले. प्रत्येक ‘हाय’मागे सरांना एक शिवी. बोट दुखायला लागलं, पण मजा येत होती. ह्यांना आमची माणसं हवीत, दुःखं हवीत, फक्त तोंड धुऊन यायला पाहिजे.

एकशे अठराव्या पानावर आले. पोरीचा वर्गात पहिला नंबर आलाय, बाईंनी आईला बोलावलंय. रतन वर्गाच्या दारात उभी राहून म्हणते, ‘माझी मुलगी हुशार आहे.’

‘आहे’ खोडला. वही बघितली. वहीतही ‘आहे’च होता. माझ्या अक्षरात. अख्ख्या पुस्तकात पोरगी म्हणणारी बाई इथे ‘मुलगी’ म्हणत होती. अनिरुद्धसरांचा हातही लागला नव्हता या ओळीला.

रतन म्हणजे माझी आई, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ती आतल्या खोलीत मालिका बघत होती.

“आई, मी आठवीत पहिली आले तेव्हा तू शाळेत आली होतीस ना? बाईंना काय म्हणालीस?”

“काय न्हाय.” तिने टीव्हीचा आवाजही कमी केला नाही. “दारात हुबी व्हते.”

“काहीतरी म्हणाली असशील.”

“तूच म्हनलीस, आई, तिथं बोलू नको, पोरी हसत्यात. मंग कशाला बोलू?”

“मी म्हणाले?”

“मंग काय शेजारनीनं सांगितलं? सरक, दिसंना मला.”

राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मी टेबलाशी परत आले. सरांनी रतनला त्यांच्या भाषेत का होईना, बोलू तरी दिलं होतं.

‘माझी पोरगी हुशार हाय’ असं करून टाकणं सोपं होतं. वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, एखाद्या सभेत कुणी ते वाक्य वाचूनही दाखवलं असतं. मी पुढे बसून मान डोलावली असती.

सगळं वाक्यच उडवलं. त्या जागी लिहिलं: ‘रतन दारात उभी राहिली. बाई कौतुक करत होत्या, ती नुसती मान हलवत होती. घरातून निघतानाच पोरीने तिला बजावलं होतं, तोंड उघडू नकोस.’