स्टुलावरून पडलेला माणूस

"ठरावाचे कागद दाखवा, एवढंच म्हणतोय मी!" पंडित मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "समाजमंदिर गावाचं, मग कागद नगराध्यक्षांच्या कपाटात कशाला?"

"ते दाखवतील अन् तुम्ही बघाल!" रुपचंद शिंपी हसला. "आमच्या गल्लीत गटार झाल्याचं मी याच पेपरात वाचलं. गटार अजून शोधतोय."

नगरपालिकेच्या वाचनालयात सकाळी आठ ते अकरा असाच वाद रंगायचा. शिपाई झुलाल महाजन दारापाशी स्टुलावर बसून ऐकायचा. चौथी शिकलेला, चोपन्न वर्षांचा माणूस. पेपर लाकडी पट्ट्यांना अडकवायचे, माठ भरायचा, आवाज फार चढला की "हळू, भाऊ" म्हणायचं, यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती.

त्या सकाळी मात्र तो "हळू" म्हणाला नाही. पंधरा दिवसांपूर्वी बांधकाम चालू असतानाच समाजमंदिराचा स्लॅब कोसळला होता. खाली घमेलं घेऊन चाललेली मजूर भिकुबाई त्यात सापडली. आवाज ऐकून धावलेल्यांत झुलाल पहिला होता. ढिगाऱ्याबाहेर तिचा मनगटापर्यंतचा हात तेवढा दिसत होता. झुलालनं तो धरला, तेव्हा त्या बोटांनी त्याचा अंगठा घट्ट पकडला. लोकांनी सिमेंटचे तुकडे हलवेपर्यंत ती पकड सैल पडली होती.

ठेकेदार अध्यक्षांचा साडू. गावात कोणी बोलेना. तेव्हा मास्तरांनी याच टेबलावर बसून जळगावच्या दैनिकाला पत्र लिहिलं आणि खाली नाव घातलं, 'एक वाचक'. पाकिटाला डिंक लावून ते पोस्टात टाकलं झुलालनं. आज ते छापून आलं होतं.

दहाच्या सुमारास जीप थांबली. ठेकेदाराचा माणूस गिरधर दोघांना घेऊन आत आला. त्यानं पेपर पट्टीसकट उचलला.

"हे कोणी लिहिलं?"

रुपचंदानं चपला हातात घेतल्या आणि तो मागच्या दारानं गेला. त्याच्यामागे आणखी चौघे गेले.

"झुलाल, इथं कोण काय लिहितं ते तुला माहीत असतं. नाव सांग."

"माले ठाऊक नही, भाऊ."

पहिली थप्पड बसली तेव्हा झुलालची टोपी उडाली. तो ती उचलायला वाकला, आणि पाठीत लाकडी पट्टी बसली. दुसऱ्या फटक्याला पट्टीच मोडली. मग लाथा सुरू झाल्या. एकानं त्याचा उजवा हात जमिनीवर दाबून धरला आणि दुसऱ्यानं बुटाची टाच बोटांवर फिरवली. हाडं मोडल्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"नाव सांग!"

"ठाऊक... नही."

टेबलाच्या पायांमधून झुलालला मास्तरांचे पाय दिसत होते. हातभर अंतरावर. ते पाय जागचे हलले नाहीत. गिरधरनं झुलालला केसांना धरून उठवलं आणि त्याचं तोंड टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा, आणि परत एकदा. त्यानंतर झुलालला दिसायचं थांबलं.

फौजदारानं पंचनामा केला: पेपर लावताना शिपाई स्टुलावरून पडला, टेबलाची कड लागली. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक पंडित मास्तरांची. त्यांची मुलगी नगरपालिकेच्याच शाळेत शिकवत होती.

झुलालला धुळ्याला नेलं. डावा डोळा वाचला नाही. दहाव्या दिवशी मास्तर केळी घेऊन दवाखान्यात आले. झुलालची बायको ताईबाई खाटेपाशी बसली होती. तिनं केळी घेतली नाहीत.

"मास्तर, यास्ना डोया गया. तुम्ही तठेच बसेल व्हतात ना?"

"माझी पोर आहे त्यांच्या नोकरीत, ताईबाई. मी घाबरलो."

"मन्हा मानूस बी त्यास्नाच नोकरीमा शे."

"जाऊ दे," झुलाल म्हणाला. मास्तर गेल्यावर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. नाव न सांगितल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. सलत होती ती पंचनाम्यावरची मास्तरांची सही, गावाहून आलेल्यांनी त्याला सांगितलेली.

घरी आल्यावर त्यानं ताईबाईकडून वहीचा कागद मागितला. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. डाव्या हातानं, एकेक अक्षर कोरत, त्यानं तीन दिवसांत पत्र पुरं केलं. दैनिकानं ते होतं तसं छापलं:

'समाजमंदीराचा स्लॅब पडून भिकुबाई मेली. तिचा हात मी धरला होता. कामाचे कागद लोकांना दाखवावे. मी स्टुलावरून पडलो नाही. मला मारले. झुलाल दगा महाजन, शिपाई, नगरपालिका वाचनालय.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर दगड आले. कौलं फुटली, ताईबाईच्या कपाळाला तीन टाके पडले. तिसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद आला: शिस्तभंग. वाचनालयाची आपल्याकडची किल्ली त्यानं मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि पोच घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला झुलाल वाचनालयाच्या दारात आला. नवा शिपाई उठून उभा राहिला. झुलालनं वहाणा बाहेर काढल्या, सगळे बाक भरलेले पाहिले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. एका डोळ्यावर अजून पांढरी पट्टी होती.

पंडित मास्तर उठले. हातातला पेपर त्यांनी बाकावर ठेवला.

"बस, झुलाल."

"तुमचं वाचून होऊ द्या, मास्तर," तो म्हणाला. "मी थांबतो."

मास्तर परत बसले. पेपर त्यांनी डोळ्यांसमोर धरला. खूप वेळ झाला तरी त्यांनी पान उलटलं नाही.