मागच्या पायांमधली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि खरं सांगायचं तर नुसती उभी राहून मी थकले आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला उभं राहण्याचा कसला आलाय थकवा! पण अंगावर माणूस असला की उभं राहणं जाणवत नाही. रिकामं उभं राहिलं की पाय भरून येतात. गेले दोन महिने मी एका संग्रहालयाच्या दालनात, पांढऱ्या चौथऱ्यावर, भोवती दोरी लावून उभी आहे. आजूबाजूला दिवे आहेत, कपाटं आहेत, एक किटली आहे, कोट अडकवायच्या खुंट्यासुद्धा आहेत. या सगळ्या वस्तूंचे आराखडे एकाच माणसाने काढले. त्यांना सगळे साहेब म्हणत.

साहेबांचं नाव फार मोठं होतं. कागदावर एकदा रेघ ओढली की ते ती खोडत नसत. माझं चित्र त्यांनी एका बैठकीत काढलं आणि मिस्त्रींपुढे ठेवलं. मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान साहेबांच्या गल्लीच्या टोकाला होतं. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

“साहेब, मागच्या दोन पायांमध्ये एक आडवी पट्टी देऊ या. पाय फार बारीक आहेत, फाकतील.”

“पट्टीबिट्टी काही नको. खालून मोकळी हवा दिसली पाहिजे.”

“हवा दिसेल हो. पण एखाद दिवशी माणूसही खालीच दिसेल.”

साहेब हसले नाहीत. मिस्त्रींनी चित्रात होतं अगदी तसंच मला घडवलं. रंधा मारताना मात्र ते सारखे स्वतःशी पुटपुटत होते.

मी साहेबांच्या स्वयंपाकघरात गेले, खिडकीजवळ. माझ्यावर बसायच्या त्या बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी. भाजी निवडायची, पत्रं लिहायची, बहिणीशी फोनवर तासभर बोलायचं, सगळं माझ्यावर बसून. मला फार बरं वाटायचं. चौथ्या महिन्यात माझा मागचा डावा पाय सांध्यापाशी फाकला आणि बाई माझ्यासकट आडव्या झाल्या. त्यांचं मनगट मोडलं. साहेबांना त्यांनी सांगितलं, ओल्या फरशीवर पाय घसरला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की वाद नको म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेब परगावी गेले तेव्हा बाईंनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. माझ्याच लाकडाचा उरलेला एक तुकडा मिस्त्रींनी जपून ठेवला होता. त्याची पट्टी करून त्यांनी ती मागच्या पायांमध्ये बसवली आणि पॉलिश असं जुळवलं की माझं मलाही ओळखू येईना.

“वहिनी, साहेबांच्या लक्षात आलं तर माझी काही खैर नाही.”

“नाही येत. ते काय वाकून बघतायत?”

आणि खरोखरच, एकतीस वर्षांत साहेब एकदाही वाकले नाहीत. लोक माझे फोटो काढत, तेही समोरून. माझ्या चित्रावरून एका कारखान्याने दोनशे खुर्च्या केल्या. चित्राबरहुकूम, पट्टीशिवाय. त्या एकेक करून मोडल्या. पण एवढ्या मोठ्या माणसाची खुर्ची मोडली असं सांगणार कोण? लोकांनी दोष आपल्या वजनाला दिला आणि त्या निमूटपणे फेकून दिल्या.

मिस्त्री गेले. त्यांच्यामागून काही वर्षांनी साहेबही गेले. बाई भाचीकडे राहायला गेल्या आणि घरातलं सामान संग्रहालयात आलं. सगळीकडे चौकशी झाली तेव्हा कळलं की या आराखड्याची मी एकटीच शिल्लक आहे. संग्रहालयाच्या मोठ्या सरांना आनंदाचं भरतं आलं. जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या एक ताई तिथे कामाला आहेत. त्यांच्या टेबलावर मला उलटं करून ठेवलं आणि शेजारी साहेबांचं चित्र उलगडलं.

“ही पट्टी चित्रात नाही,” सर म्हणाले. “नंतर कोणीतरी ठोकलेली दिसतेय. काढून टाका.”

“सर, ती काढल्यावर सांधा टिकेल असं वाटत नाही मला.”

“कोण बसणार आहे तिच्यावर? लोकांना साहेबांची खुर्ची दाखवायचीय आपल्याला, दुसऱ्या कुणाची नाही.”

ताईंनी अगदी हलक्या हाताने पट्टी सोडवली, तिला क्रमांक दिला आणि पिशवीत घालून कपाटात ठेवली. दुखलं नाही. पण कंबरेतला जोरच गेला. मी एकटीच का उरले, याचा विचार तिथे कुणीच केला नव्हता.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बाई आल्या. नव्वदीच्या झाल्या आहेत आता. एका हातात काठी, दुसरा हात भाचीच्या खांद्यावर. मला पाहताच त्या थांबल्या.

“ही माझी,” त्या म्हणाल्या.

सरांना उत्साह आवरेना. फोटोवाल्याला त्यांनी हाक मारली आणि स्वतःच्या हाताने दोरी बाजूला केली.

“बाई, बसा ना तुमच्या खुर्चीवर. एकच फोटो. आज तुम्हाला कोण अडवणार?”

बाईंनी चौथऱ्यावर पाय ठेवला आणि माझी पाठ धरली. मित्रांनो, त्या हाताची मी किती वर्षं वाट पाहिली होती! आणि आता तो आल्यावर मला नको झाला. मागचा डावा पाय सांध्यातून हलायला लागला होता, ते मला कळत होतं. या वयात त्या पडल्या असत्या तर पुन्हा उठल्या नसत्या. ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

“थांबा! बसू नका!” गर्दीतून ताई पुढे आल्या. “पट्टी काढलीय. मीच काढलीय.”

सर घाईघाईने म्हणाले, “ती मूळची नव्हतीच, बाई. चित्रात कुठेही नाही.”

“चित्रात कशी असेल? मिस्त्रींनी लावली ती, ह्यांच्या नकळत. ती नसती तर आज तुम्हाला दाखवायला खुर्चीच नसती.”

“त्याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?”

“कागद नाही. मनगट आहे.” बाईंनी वाकडं जुळलेलं मनगट सरांच्या पुढे धरलं.

सरांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. भाचीने तेवढ्यात विचारलं, “मावशीला बसायला देता का काही?” सगळे इकडेतिकडे बघू लागले. दालनात साहेबांच्या बत्तीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ‘बसू नये’ अशी पाटी होती. शेवटी दारावरच्या वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि माझ्या शेजारी ठेवली. बाई तिच्यावर बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला होता. त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा मला हेवा वाटला.

पट्टी अजून पिशवीतच आहे. ती परत बसवावी म्हणून ताईंनी अर्ज केला आहे. माझ्या माहितीच्या पाटीवर मिस्त्रींचं नाव घालायचं की नाही, यावर बैठका चालू आहेत. मी आता कशाची घाई करत नाही.

मित्रांनो, तुम्ही मला बघायला आलात तर छान म्हणून पुढे जा. पण घरी गेल्यावर आपल्या खुर्चीखाली एकदा वाकून बघा. तिथे कुणीतरी ठोकलेली फळी असेल, नाहीतर गुंडाळलेली तार असेल. दिसायला ओबडधोबड असली तरी ती काढू नका. आणि ज्याने ती लावली तो माणूस अजून असेल, तर त्याला घरी बोलवा आणि त्या खुर्चीवर बसवा. आमचे मिस्त्री माझ्यावर कधीच बसले नाहीत. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.