रुचिकाचा दात

अड्याळला बाजाराच्या रस्त्यावर रीनाचं ब्युटी पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. नवरी सजवावी तर रीनानेच, असं आजूबाजूच्या गावांतही म्हणतात. तिची मुलगी रुचिका दुसरीत होती. भंडाऱ्याला लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा झाली, तेव्हा रीनाने तिला हौसेने उभं केलं. रुचिका स्टेजवर गेली, मोकळं हसली आणि पहिली आली. मुकुट घालताना आयोजक निकेश सर माइकवर म्हणाले, "या हसण्यावरच नागपूरची फायनल जिंकते की नाही बघा!"

ते वाक्य रीनाच्या मनात घर करून बसलं. त्यानंतर रोज संध्याकाळी पार्लरच्या आरशासमोर सराव चालायचा. कसं चालायचं, मान किती तिरकी करायची, हसताना दात किती दाखवायचे. धानकापणीचे दिवस होते. एरवी रुचिका वडिलांबरोबर धानाच्या बांधीत जायची, दिवसभर उन्हात हुंदडायची. यंदा ते बंद.

"अवं, लेकरू हाये ते. येऊ दे माह्यासंगं," रीनाचा नवरा धर्मेंद्र म्हणाला.

"काळी पडली तर तुम्ही गोरी करान का जी?"

धर्मेंद्र विळा घेऊन एकटाच निघाला.

फायनलला बारा दिवस उरले होते. पावडर लावून पाहताना रीनाला दिसलं, रुचिकाचा वरचा पुढचा दात हलतोय. "हात नको लावू व त्याले. फायनल होयेपर्यंत पडू देजो नको. पडला त सारं गेलं समज." तेवढ्यात दोन बाया भुवया करायला आल्या आणि रीना आपलं बोलणं विसरूनही गेली.

आठवडाभराने शाळेत खिचडी शिजवणाऱ्या उषाबाई पार्लरसमोर थांबल्या. "रीना, तुही पोट्टी जेवत नाही व. नुसतं वरणाचं पाणी पिते आन् ताट सरकवते. बरं नाही काय तिले?"

"स्पर्धेची धास्ती हाये, काकू. होईल बरोबर."

घरीही रुचिका दूध प्यायची, पेज प्यायची. पोळी नको म्हणायची. गाल बसले होते. रीनाला वाटलं, चेहरा रेखीव दिसू लागलाय. तसं ती एका गिऱ्हाइकाला कौतुकाने बोलूनही गेली. रुचिका तिथेच बसली होती.

नागपूरच्या हॉलमध्ये शंभरेक मुली होत्या. केसांना फवारे, पापण्यांना खोट्या पापण्या, ओठ लाल. रुचिकाचा पांढरा फ्रॉक जमिनीपर्यंत होता. आयांना स्टेजमागे थांबू देत नव्हते, म्हणून रीना धर्मेंद्रबरोबर पुढच्या रांगेत येऊन बसली.

रुचिकाचं नाव पुकारलं. ती चालत आली, अगदी शिकवल्यासारखी. पण ओठ घट्ट मिटलेले. परीक्षक बाईंनी प्रेमाने विचारलं, "बेटा, तुझं नाव काय?"

रुचिका काही बोलली नाही. नुसती उभी राहिली.

रीना खुर्चीतून अर्धी उठली. दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या ओठांच्या कोपऱ्यांना लावून तिने खूण केली. हस, हस. रुचिकाने आईकडे पाहिलं. डोळे भरून आले, तरी ओठ उघडले नाहीत. मग तोंडाच्या कोपऱ्यातून एक लाल ओघळ हनुवटीवर आला आणि फ्रॉकवर पडला. हॉलमध्ये कुजबुज झाली. एका ताईने तिला हात धरून आत नेलं.

रीना धावत आत गेली. रुचिका भिंतीशी उभी होती. आई दिसल्यावर तिने तोंडातून दात काढून तळहातावर ठेवला.

"मम्मी, म्या नाही पाडला. खरंच. मागून एका पोरीचा धक्का लागला." हुंदका आवरत ती म्हणाली, "बारा दिवस म्या काहीच चावलं नाही. तू म्हटलं होतं ना."

आपण काय म्हटलं होतं, ते रीनाला त्या क्षणी आठवलं. धर्मेंद्र आला, त्याने लेकीला उचललं, तेव्हा तो दचकला. तिचं काही वजनच उरलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन किलो वजन कमी झालंय, भरायला वेळ लागेल. ते दोन-तीन महिन्यांत भरलं. नवा दातही आला. पण रुचिका हसताना तोंडावर हात धरायला लागली, आणि फोटो काढायचा म्हटलं की आतल्या खोलीत जायची.

उन्हाळ्यात दामिनी नावाची एक बाई पाच वर्षांच्या गुंजनला घेऊन पार्लरमध्ये आली. तीच स्पर्धा पुन्हा होणार होती. "ताई, माह्या पोरीले तयार करून द्या. तुमची त पहिली आली होती."

"नवरी असन त आणा," रीना म्हणाली. "लेकरं मी सजवत नाही."

दामिनी नाराज होऊन दुसऱ्या पार्लरकडे गेली. कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या रुचिकाने मान वर केली.

"मम्मी, तिले काहून नाही म्हटलं?"

"लहान हाये ते."

"मीबी लहानच होती."

रीनाने हातातला कंगवा खाली ठेवला. ती लेकीजवळ जमिनीवर जाऊन बसली. "चुकलं माह्यं, बेटा. माइकवर तुह्यं नाव घेतलं, तवा मलेच लय मोठं वाटलं. तुले काय वाटते, ते म्या कधी विचारलंच नाही."

"मग आता विचार."

"सांग. काय वाटत होतं तुले?"

रुचिकाने पेन्सिल वहीत ठेवली.

"भूक लागत होती," ती म्हणाली.