निवडणूक शाखेतलं सागवानी टेबल

मित्रांनो, गोंदिया जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात मी बरीच वर्षं उभा आहे. मी सागवानी टेबल. बिसराम सुताराने मला घडवलं आणि माझी नेमणूक थेट निवडणूक शाखेत झाली.

निवडणूक आली, की शाळा-कार्यालयांतून कर्मचाऱ्यांच्या याद्या माझ्यावर येतात. त्यांतली नावं संगणकात भरतात. कोण केंद्राध्यक्ष, कोण मतदान अधिकारी, कोण राखीव, हे सोडतीने ठरतं. मग ड्युटी रद्द करायला रांग लागते. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची कंबर धरलेली असते.

गेल्या खेपेला त्या रांगेत प्रेमिलाबाई होत्या. कुबडी घेऊन चालणाऱ्या शिक्षिका. लिपिक सेवकरामांनी न विचारताच रद्द करण्याचा अर्ज पुढे केला.

"हा नको जी," त्या म्हणाल्या. "यादीत माहं नावच नाही. काऊन नाही?"

"तुमच्या हेडमास्तरांनी पाठवलं नाही. पायाकडे पाहून सोडलं असन, मॅडम."

"सह्या का पायानं करा लागतेत? मले एकदा तरी विचारलं का कोणी? अठरा वर्षं झाली नोकरीले!"

सेवकरामांनी शाळेला फोन लावला, पुरवणी यादी मागवली. पुढच्या सोडतीत बाईंचं नाव राखीवमध्ये निघालं. दोन्ही प्रशिक्षणांना त्या पहिल्या रांगेत बसल्या.

साहित्य वाटपाच्या दिवशी मला मैदानातल्या मांडवात नेलं होतं. राखीव लोक सकाळपासून बसून होते. दुपारी एका मतदान अधिकाऱ्याला ताप भरला आणि माइकवर प्रेमिलाबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या इतक्या घाईने उठल्या, की कुबडी खुर्चीत अडकली. मतदार यादीची पिशवी मात्र त्यांनी कुणाला धरू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मतदान आटोपून पथक परत आलं. बाईंची बोटं शाईने माखली होती. माझ्या कडेला टेकून त्यांनी शेवटचा नमुना भरून दिला.

"थकल्या असान, मॅडम," सेवकराम म्हणाले.

"थकली ना बापा," त्या हसल्या. "अठरा वर्षांत पहिल्यांदा थकली!"

आता शाखेत लोखंडी टेबलं आली आहेत. मी व्हरांड्यात असतो, अंगावर पाण्याचा माठ. ओल झिरपून माझी फळी फुगते आहे. जमलं तर माठाखाली एखादी ताटली ठेवा. आणि मित्रांनो, कुणाची दया येऊन त्याचं नाव यादीतून गाळावंसं वाटलं, तर आधी त्याला विचारा.