खबर देणारी

हवालदार दादू कडू फीत धरून चाकांच्या खुणा मोजत होता, आणि चार पावलांवर बाई अजून श्वास घेत होती. करंज्याहून पनवेलच्या बाजाराला मासळी नेणारा टेम्पो खाडीकडेच्या रस्त्यावर उलटला होता, ड्रायव्हर पळालेला, मागे बसलेली ही बाई रस्त्यावर फेकली गेलेली. भर दुपारी डांबरभर बोंबील विखुरले होते, आणि एकही कावळा खाली उतरत नव्हता.

आधी उपचार, मग कागद, असा कोर्टाचा निकाल झालाय, हे साहेबांनीच परेडला वाचून दाखवलं होतं. पण पंचनाम्याआधी जखमीला हलवलं तर तेच साहेब काय बोलतात, हेही दादू जाणून होता. पंच मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मग त्याने बाईला जीपमध्ये घेतलं, डोकं मांडीवर ठेवलं.

जीप पनवेलच्या वाटेला लागली आणि ती बोलली. आवाज अगदी स्वच्छ.

“दादा, मी चंद्रावती. माजी जाव भामा खाली तिवरांत परली हाय. पानी वर येतंय.”

“तुझी जाऊ? तिवरांच्या झुडपांत? आम्हाला तर कुणी दिसलं नाही.”

“तिचं मोजमाप नको करू. उचल तिला.”

जीप चालवणाऱ्या शिपायाने आरशात पाहिलं. “हवालदार, कुणाशी बोलताय?”

दवाखान्यात डॉक्टरांनी बाईची पापणी उचलून सोडली. “हिला जाऊन अर्धा तास झाला.”

“वाटेत बोलली माझ्याशी.”

“जबडा पार मोडलाय तिचा, बघा. कशी बोलेल?”

दादूने पाहिलं. मग तो वळला आणि पळत सुटला. साहेबांना फोन करू का, असं शिपाई विचारत होता.

“नंतर. गाडी काढ.”

भरती तिवरांत शिरली होती. वाऱ्याचा श्वासही नव्हता, तरी एकाच झुडपाची पानं हलत होती. तिथे मुळांत अडकलेली बाई हनुवटी पाण्यावर धरून होती. दादू बुटांसकट चिखलात उतरला.

“हवालदार, आमच्या सह्या राहिल्यात!” रस्त्यावरून पंच ओरडला.

दादूने मागे पाहिलं नाही. रिकाम्या टोपलीसारखी हलकी झालेली भामा त्याने खांद्यावर घेतली, तिच्या मांडीची जखम आपल्या रुमालाने करकचून बांधली.

“चंद्रावती कुटं हाय?” तिने विचारलं.

“पुढे गेली,” दादू म्हणाला.

भामा वाचली. संध्याकाळी साहेबांनी ठाण्याची डायरी समोर ओढली. दुसऱ्या जखमीची खबर देणारी: चंद्रावती, राहणार करंजा. वेळ: एक पंचवीस. शेजारी डॉक्टरांचा कागद होता. मृत्यू: सुमारे एक दहा.

“कडू, यातली एक वेळ चुकलीय.”

“नाही साहेब. चूक खालच्या ओळीत आहे.”

साहेबांनी वाचलं. ‘पहिली जखमी जिवंत असताना पंचांसाठी मी पंचवीस मिनिटे थांबलो.’

मग साहेबांनी पेन पुढे केलं.

“सही राहिलीय तुझी.”