धाकट्याच्या पेशी

ताई शहरातली बस चालवायची. आवाज मोठा, हात मोठे. दारात लोंबकळणाऱ्याला आरशातूनच अशी दटावायची की तो मुकाट आत सरकायचा. तिचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. जेवण झालं की बसल्या जागी डुलकी काढायचा, म्हणून ती त्याला लहानपणापासून बोक्या म्हणे.

ताईच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या. औषधांनी त्या पुरत्या हटेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ताई, दाजी आणि बोक्या तिघांना समोर बसवलं. जबर औषधं देऊन आजार खरवडून काढायचा, मग नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी शरीरात सोडायच्या. ताईच्याच पेशी आधी काढून गोठवून ठेवता येतील, नाहीतर जुळणाऱ्या माणसाच्या घेता येतील.

“स्वतःच्या पेशींशी शरीराचं भांडण होत नाही,” बाई म्हणाल्या. “पण त्यांच्यात आजार दडून राहिला, तर तोही परत जातो. दात्याच्या पेशी आजाराला हुडकून मारतात. कधीकधी मात्र त्या पेशंटलाच परकं समजतात. आधी तुमच्याच वापरू, असं मला वाटतं.”

“माझ्याच बऱ्या,” ताई म्हणाली. “ह्याच्या घेतल्या तर भर चौकात स्टेअरिंगवर घोरेन मी.”

तिच्या पेशी तिला परत मिळाल्या. डोक्यावर केस उगवले, ताई पुन्हा बसवर जाऊ लागली, घरच्यांच्या जिवात जीव आला. वर्ष सरलं आणि काखेत गाठ लागली.

आता दाताच हवा होता. बोक्याच्या पेशी तंतोतंत जुळल्या. दुकानात येईल त्याला तो सांगत सुटला, “आमचं सगळं जुळलं बरं का!” पेशी वाढवायच्या सुया घेऊन हाडं ठणकली, पेशी काढणाऱ्या यंत्राला जोडून बसताना ओठांना मुंग्या आल्या, पण गडी खूश. आयुष्यात पहिल्यांदा ताईला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं.

पेशी रुजल्या. तपासणीत आजार दिसेना. ताईचा रक्तगट बदलून बोक्याचा झाला, तेव्हा ती फोनवर म्हणाली, “अरे, दुपारी खरंच डोळे मिटायला लागलेत माझे!” दोघं पोट धरधरून हसली.

मग तिचे तळहात लाल झाले. अंगभर पुरळ उठलं, कातडी सोलवटून निघू लागली. पोटात पाणी ठरेना, डोळे पिवळे पडले.

“दात्याच्या पेशी शरीरावर उलटल्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे माझ्या,” बोक्या म्हणाला.

“ह्यात तुमचा काही दोष नाही.”

त्याने मान हलवली, पण ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पेशींना आवरायला औषधं दिली, तर त्या जरा दबल्या आणि आजाराने डोकं वर काढलं. औषधं कमी केली, तर पेशी पुन्हा ताईवर तुटून पडल्या. शेवटी बाईंनी दाजींना आणि बोक्याला कॉरिडॉरमध्ये नेलं आणि आता फक्त वेदना कमी ठेवू, असं सांगितलं.

बाई गेल्यावर दाजी भिंतीला टेकले. हा माणूस कधी कुणाला अधिकउणं बोलला नव्हता. त्यांनी बोक्याचा दंड धरला.

“तुझ्याच आहेत ना रे त्या? मग सांग ना त्यांना.”

दाजींना आपण काय बोललो ते उमगलं असावं. हात सोडून ते चहाच्या यंत्राकडे गेले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

तो आत गेला. ताईच्या हातांवर पट्ट्या होत्या, म्हणून त्याने चादरीवरच हात ठेवला. वेडेपणा आहे हे कळत असूनही तो पुटपुटला, “पुरे आता. सोडा तिला.”

ताईने डोळे किलकिले केले. “कुणाशी बोलतोयस?”

“माझ्या माणसांशी.”

“ऐकतायत?”

“नाही.”

“आळशी मेली,” ती म्हणाली. हसायला गेली, तर ओठ चिरला. त्याने कापसाने रक्त टिपलं. टिपताना त्याच्या मनात आलं, आपण नक्की कुणाचं रक्त टिपतोय?

आठवडाभरात ताई गेली.

पुढे एकदा तो दुकानात चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत असताना हॉस्पिटलातून फोन आला. तिकडे एक तरुण मुलगी होती, नम्र बोलणारी. अनोळखी पेशंटसाठी दाता म्हणून तुमचं नाव नोंदवू का, असं तिने विचारलं. “तुमच्या पेशी छान रुजल्या होत्या, असं दिसतंय इथे.”

“रुजल्या होत्या,” तो म्हणाला.

“मग घेऊ नाव?”

दुसऱ्या कुणाचा जीव वाचेलही, हे त्याला कळत होतं. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या डोळ्यांसमोर ताईचे सोललेले तळहात आले.

“नको,” तो म्हणाला. “माझ्या नका देऊ कुणाला.”

ती काहीतरी समजावू लागली. त्याने फोन ठेवला. हातातला स्क्रू कधी निसटला ते त्याला कळलंच नव्हतं. काउंटरसमोर गिऱ्हाईक थांबलं होतं, आणि तो फरशीवर गुडघे टेकून शोधत राहिला.