कुशाबाईला दिलेलं मटण

दर दिवाळीनंतर हिराची मेंढरं महाळुंगे पडवळच्या कुशाबाईच्या रानात आठ दिवस बसायची. कुशाबाईला खत मिळायचं आणि हिराला बोलायला माणूस. नवरा गेल्यापासून तिचं वर्षाचं बोलणं त्या आठ दिवसांतच व्हायचं. बाकीचे दिवस ती मेंढरांना शिव्या देऊन भागवायची.

एका वर्षी निघायच्या सकाळी एक चांगली धडधाकट मेंढी थरथरून पडली. ती मरायच्या आत हिरानं सुरी लावली. मेंढपाळाच्या घरात वाढलेली बाई, मांस कशाला वाया घालवेल? कातडं तिनंच सोललं आणि मोठा वाटा कुशाबाईला दिला.

पेठच्या बाजूला गेल्यावर तिसऱ्या दिवशी हिराच्या मनगटावर पुळी उठली. ती फुटली आणि मधोमध कोळशासारखी काळी पडली. दुखत मात्र नव्हती, म्हणून बाईसाहेबांनी हळद लावून सोडून दिलं. हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा कुठं त्या मंचरला दवाखान्यात गेल्या.

"काळपुळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजारी जनावराच्या रक्तातून, कातड्यातून होते. तुमच्यापासून दुसऱ्याला सहसा होत नाही. पण ते मटण ज्यांनी कापलं, खाल्लं, त्यांना औषध द्यायला हवं. कुणाला दिलं होतं?"

"कुणालाच न्हाई. मी एकटीच हाय."

ते एक घर तिला गमवायचं नव्हतं. स्टँडवर येऊन ती बसली. एसटी आली, पण ती चढली नाही. कुशाबाईनं मटण स्वतःच कापलं असणार, नातवंडं शेजारीच बसली असणार, हे डोक्यातून जाईना. स्वतःवर चरफडत ती परत दवाखान्यात गेली.

"बाई, मी खोटं बोलले. कुशाबाईच्या घरात पाच माणसं हायती. लवकर जावा."

दुपारीच दवाखान्याची माणसं कुशाबाईकडं गेली. घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, पुढं हिराच्या मेंढरांना लस टोचली. तिचा हातही बरा झाला.

पुढच्या वर्षी ती त्या रानापाशी आली, तर तिथं दुसऱ्याच कुणाची मेंढरं बसलेली. कुशाबाईनं अंगणातूनच विचारलं, "बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय."

कुशाबाई 'ये' म्हणाली नाही. हिराला फार वाईट वाटलं. तरी तिनं अंगणातली माणसं मोजली. पाचही होती. मग तिनं मेंढरं पुढं हाकली.